युरोपा युनिव्हर्सालिस ४ मध्ये मॉड बसवण्याची पद्धत: निवड, क्रम आणि नेहमीच्या चुका

युरोपा युनिव्हर्सालिस ४ हा राज्य चालवण्याचा आणि वाढवण्याचा संगणकीय खेळ शेकडो तास खेळलेल्या माणसाला ११ नोव्हेंबर १४४४ ही तारीख पाठ झालेली असते, कारण त्याची जवळपास प्रत्येक मोहीम तिथूनच सुरू होते. पहिल्या दहा वर्षांत कोणाशी तह करायचा, कोणता शेजारी आधी गिळायचा आणि कर्ज कधी काढायचे हे हात आपोआप करू लागले की खेळ शिळा वाटू लागतो, आणि मग मॉडचा, म्हणजे इतरांनी तयार केलेल्या, खेळात बदल करणाऱ्या फाइलींच्या संचाचा, विचार येतो. चुका इथेच होतात. एका संध्याकाळी वीस-पंचवीस मॉड सबस्क्राइब केले जातात, सगळे एकदम चालू केले जातात आणि त्यावर गेल्या महिन्यात अर्धवट सोडलेली मोहीम उघडली जाते. दोन तासांनी गेम बंद पडला की खापर मॉडवर फुटते.

बहुतेक वेळा दोष मॉडचा नसून पायऱ्यांच्या क्रमाचा असतो. खालील पद्धत विंडोज आणि स्टीम (गेम विकत घेण्याचे आणि चालवण्याचे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या खेळाडूसाठी आहे आणि ती एक नियम धरून चालते: एका मोहिमेसाठी मॉडचा एकच संच आणि गेमची एकच आवृत्ती ठेवायची, आणि ती मोहीम संपेपर्यंत दोन्हींना हात लावायचा नाही.

१. नेमके काय शिळे झाले आहे ते आधी ठरवा

वर्कशॉप, म्हणजे स्टीमवरील मॉडचे दालन, उघडण्यापूर्वी पाच मिनिटे स्वतःला प्रश्न विचारावा. कंटाळा नकाशाचा आला आहे, शत्रूच्या मूर्खपणाचा आला आहे, की शंभर वर्षांनंतर काही करायला उरत नाही याचा? प्रत्येक तक्रारीवरचा उपाय वेगळा असतो.

संगणक चालवत असलेली राज्ये फारच बावळट वागतात अशी तक्रार असेल, तर झॉर्म एआयसारखा त्यांच्या वागण्यात सुधारणा करणारा मॉड पुरेसा ठरतो. नकाशा बदलण्याची गरज नसते. प्रत्येक मोहिमेत त्याच त्या आयडिया (राज्याला फायदे देणाऱ्या निवडी) घेतल्या जात असतील, तर आयडिया व्हेरिएशन हा मॉड त्या निवडीला धक्का देतो. सुरुवातीची परिस्थितीच नको झाली असेल, तर मात्र मोठा मॉड लागतो. मेइओऊ अँड टॅक्सेसमध्ये मोहीम १३५६ पासून सुरू होते. त्या वर्षी बहमनी राज्य स्थापन होऊन जेमतेम नऊ वर्षे झालेली असतात, म्हणजे १४४४ मधल्या दख्खनची जी गणिते पाठ झाली आहेत ती इथे उपयोगी पडत नाहीत. अॅनबेन्नार तर पूर्ण काल्पनिक जग उभे करतो. त्यात युरोपही नाही आणि दख्खनही नाही.

माझे मत असे की, सैनिकांचे नवे पोशाख, नवे ध्वज किंवा नकाशाचे नवे रंग यांनी आलेला ताजेपणा चार दिवस टिकतो. पहिल्या पन्नास वर्षांतला तुमचा निर्णय ज्याने बदलतो, तोच मॉड मोहीम शेवटपर्यंत ओढून नेतो. देखावा बदलणारे मॉड वाईट नाहीत, पण निवडीची सुरुवात त्यांच्यापासून करू नये.

तपासणी: “मला हा मॉड हवा आहे, कारण…” हे वाक्य तुम्हाला पूर्ण करता येत नसेल, तर तो मॉड यादीत घेऊ नका.

२. मूळ गेम स्वच्छ करून घ्या

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात. मॉडशिवायचा गेम नीट चालतो याची खात्री नसेल, तर पुढे आलेली अडचण मॉडची की मूळ गेमची हे कधीच कळत नाही.

प्रथम डॉक्युमेंट्समधील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या फोल्डरात जाऊन युरोपा युनिव्हर्सालिस ४ या फोल्डरातील सेव्ह गेम्सची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. त्यानंतर स्टीमच्या लायब्ररीत गेमच्या नावावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधून फाइलींची पडताळणी करून घ्यावी. पूर्वी कोणी मूळ गेमच्या फोल्डरात हाताने फेरफार केले असतील, तर ते यात बहुधा निघून जातात. मग एकही मॉड चालू न ठेवता गेम सुरू करून मुख्य मेनूत आवृत्तीच्या आकड्याशेजारी दिसणारी चार अक्षरे वहीत लिहून घ्यावीत. हा चेकसम, म्हणजे गेमच्या फाइलींची ओळखखूण होय; पुढे दोनदा त्याचे काम पडणार आहे.

डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हकडे वळवलेले असेल, तर लाँचरला (गेमआधी उघडणाऱ्या, गेम सुरू करणाऱ्या खिडकीला) मॉड सापडत नाहीत किंवा सापडलेले मॉड दुसऱ्या दिवशी गायब होतात, अशा तक्रारी येतात. विंडोजचे वापरकर्तानाव देवनागरीत ठेवलेले असेल तरीही फाइलींच्या मार्गात अडचण येऊ शकते, कारण या गेमच्या फाइली रोमन अक्षरांच्या सवयीच्या आहेत. अशा वेळी रोमन नावाचे वेगळे विंडोज खाते उघडणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

इशारा: मॉडच्या फाइली मूळ गेमच्या फोल्डरात कधीही टाकू नका. “तिथे टाकले की लगेच चालते” हा सल्ला खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. पुढच्या पडताळणीत तुम्ही बदललेल्या मूळ फाइली पूर्ववत होतात आणि तोपर्यंत प्रत्येक मोहिमेत ते नकळत मिसळलेले राहतात.

३. मॉडचे पान शेवटपर्यंत वाचा

वर्कशॉपमधील पानावर चार गोष्टी पाहायच्या असतात: मॉड गेमच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, कोणत्या डीएलसी (गेमच्या वेगळ्या विकल्या जाणाऱ्या पुरवण्या) लागतात, सोबत दुसरा कोणता मॉड आवश्यक आहे आणि शेवटचा बदल कधी झाला. नंतर खालच्या प्रतिक्रियांपैकी अलीकडच्या वीस-तीस वाचाव्यात. मॉड मोडला असेल, तर ते लेखकाच्या आधी तिथे कोणीतरी लिहिलेले असते.

आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा लाँचर देतो, पण त्याचा अर्थ तारतम्याने लावावा लागतो. ती आवृत्ती म्हणजे मॉडच्या लेखकाने वर्णनाच्या फाइलीत लिहिलेली एक ओळ असते. गेमने स्वतः काही तपासलेले नसते. केवळ संगीत किंवा सैनिकांची चित्रे बदलणारा जुना मॉड बहुधा विनातक्रार चालतो. राज्यव्यवस्था, घटना, मिशन (राज्याला गेमने दिलेली उद्दिष्टे) किंवा पडद्यावरील खिडक्या बदलणारा जुना मॉड मात्र बहुधा चालत नाही, आणि चालला तरी अर्धवट चालतो, जे अधिक वाईट.

हवा असलेला मॉड गेमच्या जुन्या आवृत्तीसाठीच असेल, तर स्टीममधील प्रॉपर्टीजच्या बीटा विभागातून ती आवृत्ती निवडता येते. तसे केल्यास मागच्या पायरीतील पडताळणी आणि चेकसमची नोंद नव्याने करावी.

४. प्रत्येक मोहिमेसाठी वेगळा प्लेसेट

लाँचरमध्ये प्लेसेट म्हणजे कोणते मॉड कोणत्या क्रमाने चालू राहतील याची जतन केलेली यादी. सगळ्या मॉडसाठी एकच प्लेसेट ठेवून त्यातच रोज खुणा करणे आणि काढणे ही सर्रास आढळणारी सवय आहे, आणि जुन्या सेव्ह न उघडण्याचे तेच सर्वांत मोठे कारण आहे. नवी मोहीम सुरू करण्याआधी नवा प्लेसेट तयार करावा आणि त्याला मोहिमेचे नाव द्यावे. “टेस्ट ३” असे नाव तीन महिन्यांनी काहीही सांगत नाही.

५. क्रम लावणे

सगळ्यात जास्त घोळ या टप्प्यावर होतो, म्हणून येथे घाई करू नये.

प्लेसेटमधील मॉड वरून खाली या क्रमाने वाचले जातात. दोन मॉडमध्ये एकाच मार्गावर एकाच नावाची फाइल असेल, तर खालच्या मॉडची फाइल टिकते आणि वरच्या मॉडची ती फाइल संपूर्णपणे बाजूला पडते. गेम त्या दोन फाइलींची बेरीज करत नाही. एका मॉडने धर्माच्या खिडकीत एक बटण वाढवले आणि दुसऱ्याने त्याच खिडकीची मांडणी बदलली, तर दोन्ही बदल मिळतील अशी आशा करू नये. एकाच चुलीवर दोघांनी दोन पातेली चढवावीत तसा तो प्रकार होतो.

यावरून क्रमाचा साधा नियम निघतो. जगच बदलणारा मोठा मॉड असेल तर तो सर्वांत वर ठेवावा. त्याच्याखाली नवी मिशन, घटना, आयडिया यांची भर घालणारे मॉड यावेत. त्यानंतर संगणकाच्या राज्यांचे वागणे किंवा खेळाचे आकडे बदलणारे, मग खिडक्या आणि चित्रे बदलणारे मॉड लावावेत. दोन मॉड एकमेकांशी जुळवण्यासाठी कोणी जोडमॉड तयार केला असेल, तर तो त्या दोघांच्या खाली, म्हणजे यादीच्या अगदी तळाशी जातो. जोडमॉड वर ठेवल्यास तो असून नसल्यासारखा होतो, आणि चूक लवकर लक्षात येत नाही, कारण लाँचरमध्ये तो चालू असल्याचेच दिसते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. संपूर्ण जग बदलणारे दोन मॉड कोणत्याही क्रमाने एकत्र चालत नाहीत. असे मॉड आपल्या वर्णनाच्या फाइलीत मूळ गेमची काही फोल्डरे वाचूच नका अशी सूचना देतात आणि त्या जागी स्वतःची सामग्री ठेवतात. अॅनबेन्नारवर मेइओऊ अँड टॅक्सेस चढवणे म्हणजे एका घराच्या पायावर दुसऱ्याच घराचे छप्पर बसवणे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे, मूळ गेमसाठी लिहिलेला आयडियांचा किंवा मिशनांचा मॉड अशा जगावर घालू नये. त्या मोठ्या मॉडसाठी मुद्दाम लिहिलेलाच उपमॉड घ्यावा. नुसता “सुसंगत” हा शब्द पाहून भुलू नका. कशाशी सुसंगत, ते शोधा.

शंका असेल तेव्हा फाइली स्वतः पाहाव्यात. सबस्क्राइब केलेले मॉड स्टीमच्या स्टीमअॅप्स फोल्डरातील वर्कशॉप, मग कंटेंट, मग २३६८५० या फोल्डरात असतात. हा या गेमचा स्टीमवरील क्रमांक आहे. प्रत्येक मॉडचे फोल्डर आकड्याच्या नावाने असते आणि तोच आकडा वर्कशॉपच्या पत्त्यात शेवटी दिसतो. विनमर्जसारख्या तुलना करणाऱ्या साधनात दोन फोल्डरे शेजारी उघडली, की दोन्हींत सारख्या नावाच्या फाइली कोणत्या आहेत ते लगेच दिसते. सारखी फाइल एकही नसेल, तरी दोन मॉड एकाच व्यवस्थेला वेगवेगळ्या फाइलींतून हात घालत असू शकतात. पण निम्म्याहून अधिक भांडणे इथेच उघडी पडतात.

तपासणी: यादी वरून खाली वाचत जा आणि प्रत्येक मॉडबद्दल “याने वरच्या कोणाचे काही पुसले तर चालेल का?” असे विचारा. उत्तर नकारार्थी आले की तिथे थांबून क्रम बदला किंवा दोघांपैकी एकाला निरोप द्या.

६. एकेक मॉड चालू करून चाचणी

आता प्लेसेटमधील सर्वांत वरचा मॉड तेवढा चालू ठेवून गेम सुरू करावा. मुख्य मेनू येतो का, चेकसम बदलला का, नवी मोहीम सुरू होते का, एवढे पाहून गेम बंद करावा आणि दुसरा मॉड जोडावा. दहा मॉडसाठी हा उद्योग तासभर खातो. मी तो अनेकदा टाळला आहे आणि त्या तासाच्या बदल्यात दरवेळी आख्खा शनिवार घालवला आहे.

प्रत्येक फेरीनंतर डॉक्युमेंट्समधील गेमच्या फोल्डरात लॉग्स नावाच्या फोल्डरात जाऊन एरर लॉग ही फाइल उघडावी. मॉडशिवायच्या गेममध्येही त्यात काही ओळी असतात, त्यामुळे ओळी दिसल्या म्हणून घाबरू नये. सुरुवातीच्या स्वच्छ गेमच्या लॉगची प्रत जपून ठेवावी आणि तिच्याशी तुलना करावी. पाच-पंचवीस ओळी वाढल्या तर बहुधा काही बिघडत नाही. शेकडो ओळी एकाच फाइलीचे नाव घेत असतील, तर भांडण नक्की तिथे आहे.

सगळे मॉड जोडून झाल्यावर शेवटची चाचणी वेळेची असते, कारण काही दोष पहिल्या दिवशी दिसतच नाहीत. आयर्नमॅन (जुन्या सेव्हवर मागे जाऊ न देणारी पद्धत) बंद ठेवून नवी मोहीम सुरू करावी, एस्केपच्या खालच्या कळीने कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडावा आणि रोमन लिपीत ऑब्झर्व्ह ही आज्ञा द्यावी. त्यामुळे सर्व राज्ये संगणक चालवतो आणि तुम्ही केवळ पाहत राहता. वेग सर्वाधिक ठेवून तीस-चाळीस वर्षे जाऊ द्यावीत. या काळात तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे: गेम एखाद्या ठरावीक तारखेला बंद पडतो का, मोठी राज्ये विनाकारण दिवाळखोर होतात का, आणि महिना उलटण्याचा वेग वर्षागणिक मंदावतो का. ठरावीक तारखेला बंद पडणे हे बहुधा एखाद्या घटनेतील दोषाचे लक्षण असते. वेगाच्या बाबतीत मेइओऊ अँड टॅक्सेससारखा मॉड मुळातच जड आहे, हे आधी लक्षात घेऊन मगच दोष शोधावा.

इशारा: गेम बंद पडला तर एकेक मॉड काढत बसू नका. अर्धे मॉड बंद करा. दोष गेला तर तो बंद केलेल्या अर्ध्यात आहे, राहिला तर उरलेल्या अर्ध्यात. सोळा मॉडमधला एक गुन्हेगार चार फेऱ्यांत सापडतो.

इशारा: चेकसम बदलला असेल तर अचिव्हमेंट (स्टीमवर नोंदले जाणारे पराक्रम) मिळत नाहीत, आयर्नमॅन चालू असला तरीही. संगीताचे आणि चित्रांचे बरेच मॉड चेकसम बदलत नाहीत. पानावर काय लिहिले आहे यापेक्षा वहीतल्या चार अक्षरांवर विश्वास ठेवा.

७. संच गोठवणे

सबस्क्राइब केलेला मॉड लेखकाने सुधारला की स्टीम तो तुमच्या संगणकावर आपोआप बदलते, आणि वर्कशॉपमधून मागची आवृत्ती परत मागण्याची सोय सर्वसाधारण खेळाडूला नसते. माझी १६१२ पर्यंत पोहोचलेली एक मोहीम अशाच एका रात्रीतल्या बदलाने संपली: लेखकाने प्रांतांचे क्रमांक बदलले होते, आणि सकाळी माझ्या राज्याची राजधानी समुद्रात होती. लेखकाची त्यात काही चूक नव्हती. मी प्रत ठेवली नव्हती.

लांबच्या मोहिमेसाठी स्थानिक प्रत करून ठेवावी. २३६८५० मधील मॉडचे फोल्डर उचलून डॉक्युमेंट्समधील गेमच्या मॉड या फोल्डरात ओळखू येईल अशा रोमन नावाने ठेवावे. त्याच ठिकाणी यूजीसी या अक्षरांनी सुरू होणारी आणि मॉडचा क्रमांक असलेली छोटी फाइल असते. तिची प्रत काढून तिला वेगळे नाव द्यावे. ती साध्या संपादकात उघडून तीन बदल करावेत: मॉडच्या नावापुढे ‘स्थानिक’ अशा अर्थाचा रोमन शब्द जोडावा, मार्गाच्या ओळीत नव्या फोल्डराचा पत्ता लिहावा आणि वर्कशॉपचा क्रमांक देणारी ओळ काढून टाकावी. मॉडच्या फोल्डरात आत असलेल्या वर्णनाच्या फाइलीतूनही क्रमांकाची ती ओळ काढावी, नाहीतर लाँचर दोघांना एकच समजतो. यानंतर प्लेसेटमध्ये स्थानिक प्रत घ्यावी आणि मूळ सबस्क्राइब केलेला मॉड त्यातून काढावा. दोन्ही एकदम चालू ठेवू नयेत.

ही प्रत तुमच्या संगणकापुरती आहे. लेखकाच्या परवानगीशिवाय ती वर्कशॉपवर पुन्हा चढवू नये.

मोहीम चालू असताना नवा मॉड जोडण्याचा मोह होतो. संगीत आणि चित्रे चालतात. घटना वाढवणारा मॉड कधी चालतो, कधी नाही. नकाशा, प्रांत, धर्म किंवा शासनपद्धती बदलणारा मॉड मधूनच जोडू नये आणि मधूनच काढूही नये.

८. मित्रांबरोबर खेळताना

एकत्र खेळण्यासाठी सर्वांचा चेकसम सारखा असावा लागतो. त्यासाठी यजमानाने आपला प्लेसेट लाँचरमधून निर्यात करून ती फाइल सर्वांना द्यावी आणि इतरांनी ती आयात करावी. यादी तोंडी सांगितली की कोणाचा तरी क्रम चुकतोच. स्थानिक प्रती वापरत असाल तर संपूर्ण फोल्डरच द्यावे लागते. एक खेळाडू पुण्यात, दुसरा न्यू जर्सीत आणि वेळ दोघांच्या सोयीची अशी मुश्किलीने जमवलेली रात्र असेल, तर चार अक्षरे जुळतात का हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.

९. स्वतःचा छोटा मॉड

वरचे सारे जमल्यावर बहुतेकांना स्वतः काहीतरी बदलावेसे वाटते, आणि सुरुवात नावांपासून करावी असे मी सुचवेन: प्रांतांची, सरदारांची, पदव्यांची नावे. लाँचरच्या मॉड साधनांतून नवा मॉड तयार केला की फोल्डर आणि वर्णनाची फाइल आपोआप मिळते. नावांच्या फाइली लोकलायझेशन फोल्डरातील रिप्लेस या उपफोल्डरात ठेवाव्यात, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी उचलावी लागत नाही आणि बदललेल्या तेवढ्याच ओळी लिहिता येतात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली साठवण्याच्या पद्धतीची: नावांची फाइल यूटीएफ-८ मध्ये, सुरुवातीच्या बॉम या न दिसणाऱ्या खुणेसह साठवावी लागते, ती खूण घालायची राहून गेली तर गेम फाइल मुकाट्याने सोडून देतो आणि पडद्यावर जुनीच नावे दिसतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ही निवड एन्कोडिंगच्या यादीत मिळते. दुसरी चूक अपेक्षेची आहे. गेमसोबत येणारे फाँट रोमन लिपीसाठीचे आहेत, त्यामुळे देवनागरीत लिहिलेले नाव दिसत नाही. ‘देवगिरी’ रोमन अक्षरांतच लिहावे लागते.

नावांनंतर घटना किंवा निर्णय लिहायला घेतलेत, तर महिरपी कंस मोजा. उघडलेला एक कंस बंद करायचा राहिला, की गेम त्या फाइलीतला पुढचा सगळा मजकूर चुकीच्या जागी वाचतो, आणि एरर लॉग तक्रार करतो ती बहुधा फाइलीच्या शेवटच्या ओळीची. तिथे शोधून काही सापडत नाही. दोष वर, तुम्ही सर्वांत शेवटी हात लावलेल्या परिच्छेदात असतो.